वाट पाहणाऱ्यांचा महिना

माणूस एकटा असला की सिनेमा बघतो. चार माणसं जमली की ती सिनेमा बघत नाहीत, सिनेमा बघण्याचे नियम करतात. यालाच संस्कृती म्हणतात.

आमच्या चित्रपट अभ्यास मंडळाची स्थापना याच थोर तत्त्वावर झालेली आहे. मंडळाच्या अध्यक्ष ग्रंथपालबाई (इतरांना गप्प बसवण्याचा दांडगा अनुभव, त्यामुळे निवड बिनविरोध). दुसरे सर्व्हेअरकाका. त्यांनी उभी हयात लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून ते आता सिनेमे मोजतात. तिसरे विमावाले. कोणत्याही सिनेमात कोण मरणार हे त्यांना सुरुवातीलाच कळतं आणि त्याने विमा काढलेला नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. चौथे दातांचे डॉक्टर. आणि पाचवा मी, मंडळाचा कार्यवाह. पोटासाठी मी दुकानांतले वजनकाटे तपासायच्या खात्यात आहे, पण जीव इथे.

आम्ही बुधवारी दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो, कारण तेव्हा दवाखाना बंद असतो आणि काउंटरवरच्या बाईंना सुट्टी असते. पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही आहे. एरवी त्यावर दात कसे घासावेत हे दाखवतात. खुर्च्या लोखंडी पट्टीने एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एक सभासद हलला की पाचही हलतात, आणि मंडळाची एकजूट टिकते. खोलीला लवंगेच्या तेलाचा वास आहे. सिनेमा कितीही विनोदी असो, त्या वासाने प्रेक्षक सावध राहतो.

दर महिन्याला केंद्रीय समिती एक विषय जाहीर करते. (ही समिती कुठे असते ते कोणी पाहिलेलं नाही, ती इंटरनेटवर असते एवढं नक्की.) गावोगावच्या मंडळांनी त्या विषयावरचे ठरलेले सिनेमे एकत्र बसून बघायचे, चर्चा करायची आणि अहवाल पाठवायचा. जे मंडळ सगळं यथासांग पार पाडतं त्याला मानचिन्ह मिळतं. ते फोनच्या पडद्यावर दिसतं, हातात घेता येत नाही. पण मान तरी कुठे हातात घेता येतो? यापूर्वी 'शिडी', 'हरवलेली छत्री' आणि 'खोटं बोलणारे काका' हे विषय होऊन गेले. तिन्ही वेळा आमचं मानचिन्ह थोडक्यात हुकलं. 'शिडी'च्या वेळी तर विमावाले ऐन वेळी शिंकले आणि निर्णायक दृश्य त्यांच्या नजरेतून सुटलं. त्यावर आम्ही महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

यावेळचा विषय होता 'वाट पाहणं'.

विषय सोपा वाटतो, पण शास्त्रीय दृष्टीने बघू गेलं की घोडं पेंड खातं. वाट पाहणारा बसलेलाच हवा की उभा चालेल? ज्याची वाट पाहिली जाते तो आला, तर आधीचं वाट पाहणं ग्राह्य धरायचं की बाद? लिफ्टची वाट पाहणारा माणूस पात्र ठरतो का? शेवटच्या मुद्द्यावर दोन बैठका झाल्या. बाईंनी निकाल दिला की लिफ्टच्या वाटेत भावना नसते. "आमच्या इमारतीतली लिफ्ट तुम्ही बघितली नाही," असं विमावाले म्हणाले. हे त्यांचं भिन्न मत म्हणून नोंदवून घेण्यात आलं.

नियमही यावेळी कडक होते. सिनेमा सलग बघायचा, मधे थांबवायचा नाही. एकही सभासद उठून गेला तर सगळ्यांचा महिना बाद. एकाच सिनेमाच्या लांबीने वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर सर्वांत लांब तीच खरी. शेवटची नामावली पडदा काळा होईपर्यंत वाचायची. चर्चा त्याच दिवशी, सर्वांच्या उपस्थितीत. फोन बंद करून डॉक्टरांच्या अवजारं निर्जंतुक करायच्या डब्यात ठेवायचे. (डबा अर्थातच बंद असतो. एकदा तो चुकून चालू होता. विमावाल्यांनी नंतर नवा फोन घेतला.)

त्या महिन्यात आम्ही जी माणसं वाट पाहताना बघितली, त्यांचं वर्गीकरण मी अहवालात केलं होतं. निम्म्याहून अधिक बायका नवऱ्यांची वाट पाहत होत्या. उरलेल्यांत बहुतेक आया मुलांची. आईची वाट पाहणारे मुलगे शून्य. (असा सिनेमा अजून कोणी काढलेला दिसत नाही.) हा आकडा वाचल्यावर डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, त्यांना माझी टक्केवारी चुकल्यासारखी वाटतेय.

विषयाचा परिणाम आमच्यावर खोलवर झाला. एका सिनेमात बाप मुलीला शाळेतून आणायला विसरतो, तेव्हा विमावाले ओक्साबोक्शी रडले. इतके, की सावरून निघेपर्यंत त्यांना उशीर झाला आणि त्यांची स्वतःची मुलगी शाळेच्या बंद फाटकाशी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली सापडली. कलेशी एवढं एकरूप होणारा प्रेक्षक आज विरळा.

महिना असा सरत आला. शेवटचा सिनेमा राहिला. आणि त्या बुधवारी, फोन डब्यात टाकायच्या आधी, डॉक्टर काउंटरवरचा प्लास्टरचा जबडा उघडझाप करत म्हणाले, "ताई येतेय आज."

"अरे वा!" बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझ्याकडे येत नाहीये. समोरच्या स्टँडवर गाडी बदलतेय. सकाळी फोन आला. म्हणाली, 'मधे थोडा वेळ आहे. न्यायला आलास तर दोन दिवस राहीन. नाही आलास तर पुढची गाडी पकडते. राग नाही.'"

डॉक्टरांच्या ताईंविषयी आम्हाला थोडंफार ठाऊक होतं. आईच्या आजारपणात सगळं त्यांनी एकटीने केलं. डॉक्टर दर आठवड्याला "या रविवारी नक्की" म्हणत राहिले, आणि एका शनिवारी आई गेली. त्यानंतर ताई भांडल्या असत्या तर मिटवता आलं असतं, पण त्या नुसत्या बोलायच्या थांबल्या. कित्येक वर्षांनी आज पहिला फोन. सांगताना डॉक्टरांचा आवाज कापत होता. दात काढताना ज्या माणसाचा हात कापत नाही, त्याचा आवाज कापलेला ऐकून आम्हा सर्वांनाच गलबलून आलं.

"विषयात अगदी चपखल बसतंय," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मी आज नाही बसत," डॉक्टर म्हणाले. "मी आत्ताच जाऊन थांबतो स्टँडवर."

 यावर आम्ही चौघांनी मिळून त्यांच्याकडे बघितलं. मग काकांनी हिशेब मांडला. सिनेमा किती लांबीचा, ताईंची गाडी कधी लागते, स्टँड चौकापलीकडे, सावकाश चालत गेलं तरी किती लागतं. "नामावलीसकट सिनेमा बघून, हात-तोंड धुऊन, वर तुम्हाला स्टँडवर तिची वाट पाहायला वेळ उरतोय," काका म्हणाले. "मी जमिनीत चूक केली नाही, यात करेन?"

काकांची चूक झालेली नव्हती हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. बाईंनी आम्हाला सुखद धक्का द्यायचा म्हणून सर्वांत लांब आवृत्ती मिळवून आणली होती, आणि तो धक्का त्यांनी सिनेमा सुरू झाल्यावर दिला.

सिनेमा फार थोर होता. एक बहीण बस थांब्यावर बाकावर बसून भावाची वाट पाहते. एवढंच. ती पिशवी उजव्या बाजूला ठेवते. मग डाव्या बाजूला ठेवते. लांब आवृत्तीत ती पिशवी परत उजव्या बाजूला ठेवते.

"खऱ्या आयुष्यात एवढं कोण बसतं?" विमावाले कुजबुजले. "एखादीने सरळ रिक्षा करून घर गाठलं असतं."

"तिला घरी जायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "तिला न्यायला यायला हवंय कोणीतरी. कळतंय का तुम्हाला?" आणि त्यांनी नाक शिंकरलं.

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर बाक होता, बहीण होती, एक वाळकं झाड होतं, फोन नव्हता. दिग्दर्शकाचं धाडस बघा. फोन न दाखवता नुसता त्याचा आवाज! घंटी थांबली. पुन्हा सुरू झाली. मी आजवर अनेक सिनेमांतले फोन ऐकले आहेत, पण इतका खरा आवाज ऐकला नाही.

"डावीकडून येतोय," काका दबक्या आवाजात म्हणाले. "यंत्रणाच तशी बसवलेली असते हल्ली."

"तिच्या मनातला फोन आहे तो," बाई म्हणाल्या.

डॉक्टर अर्धवट उठले. पाचही खुर्च्या हलल्या. "बाई, तो काउंटरवरचा आहे, दवाखान्याचा फोन. माझ्यासाठी आहे."

"डॉक्टर, बसा. तुम्ही उठलात तर सगळ्यांचा महिना जाईल. आणि ती बिचारी तिकडे एकटी बसलीय बाकावर. तिला असं अर्ध्यावर सोडून जाणार तुम्ही? जीव होतो तुमचा?"

 डॉक्टर बसले. फोन बराच वेळ वाजून थांबला, आणि दिग्दर्शकाने त्यानंतर जी शांतता साधली होती तिला तोड नाही.

शेवटाला आम्ही सगळेच रडलो. (भाऊ पोचतो की नाही ते सांगून मी कोणाचा रसभंग करणार नाही.) नामावली आम्ही उभं राहून वाचली. बाक पुरवणाऱ्याचं नावही सोडलं नाही. मग डबा उघडला. डॉक्टरांनी फोन चालू केला, त्यावर ताईंचे न उचललेले कॉल बघितले आणि चपला न घालताच बाहेर पळाले. आम्हीही मागोमाग निघालो. एक तर आमची मनं भरून आली होती, आणि दुसरं म्हणजे चर्चा अजून व्हायची होती.

स्टँडवरचा बाक रिकामा होता.

"त्या बाई ना?" गाड्या सोडणारे कंट्रोलर म्हणाले. "गेल्या की हो आत्ताच. सारख्या फोन लावत होत्या. मीच ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा, कोणीतरी यायचंय त्यांचं. पण गाडी किती थांबवणार? लोक ओरडायला लागले."

डॉक्टरांनी फोन लावला. लगेच उचलला गेला. आम्ही आदराने जरा अंतरावर उभे होतो, पण गाडीच्या आवाजात मोठ्याने बोलत असल्यामुळे ताई आम्हाला स्वच्छ ऐकू येत होत्या.

"अरे, राग नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही. कामात होतास का?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. पेशंटला "अजिबात दुखणार नाही" असं ते रोज सांगतात. पण ते म्हणाले, "नाही गं ताई. सिनेमा बघत होतो."

पलीकडे नुसता गाडीचा आवाज. मग ताईंनी विचारलं, "चांगला होता?"

 डॉक्टर फोन कानाला लावून अनवाणी तसेच बाकावर बसले. त्यांचे खांदे हलत होते. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. सिनेमात बघवतो, कारण तिथे संगीत असतं.

बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग त्या हलकेच म्हणाल्या, "डॉक्टर, चर्चा इथेच उरकायची का? म्हणजे तुम्हाला परत यायचा त्रास नको."

यावर डॉक्टरांनी दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. कंट्रोलरना विचारून ताईंच्या गावाकडे जाणारी पुढची गाडी कुठे लागते ते बघितलं, आणि चढले. चर्चा बाकी असताना. एका सभासदाच्या घरगुती बाबीपायी चार जणांच्या अख्ख्या महिन्याचं मुसळ केरात गेलं. केंद्रीय समितीचं उत्तरही आलं: उपस्थिती अपुरी, मानचिन्ह नाही, पुढील महिन्यासाठी शुभेच्छा. पुढला विषय 'माफी' आहे. यादी भरगच्च आहे म्हणतात.

हा वृत्तांत ज्यांना ज्यांना सांगितला ते हळहळतात, आणि एकच विचारतात: डॉक्टर पोचले का, ताईंनी दार उघडलं का? मला माहीत नाही. मी फोन केलेला नाही. पण हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल तर तुमचं अभिनंदन. ज्या बाईंना तुम्ही कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी तुमचा जीव कासावीस झाला. तुम्ही सुरुवातीपासून इथवर सलग बसलात. मधे आतल्या खोलीतून कोणी हाक मारली असेल तर "आलोच" म्हणालात, आणि जागचे हलला नाहीत.

बुधवारी दुपारी या. डॉक्टरांची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे.