पायाळू दाखला

नागरी नोंद कार्यालयातला जुना प्रिंटर निवृत्त झाला तेव्हा त्याचा निरोप समारंभ झाला नाही, ही मोठी चूक होती. समारंभ झाला असता तर तो नेमके काय काम करत होता, हे निदान भाषणात तरी कोणी सांगितले असते.

तो आघाती मुद्रक होता. म्हणजे त्याच्या तोंडात बारीक पिना होत्या. त्या शाईच्या रिबिनीवर आपटत आणि रिबीन कागदावर. ही मारहाण इतकी मनापासून चाले की वरच्या पांढऱ्या कागदावर ठोकलेले अक्षर खालच्या गुलाबी आणि त्याखालच्या पिवळ्या कागदावरही उमटे. पांढरी प्रत अर्जदाराला, गुलाबी दप्तराला, पिवळी संबंधित खात्याला. शिवाय आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही काम चालू असल्याची खात्री पटे.

त्याच्या जागी आलेला मुद्रक अनाघाती होता. तो कागदावर हात उगारत नसे. शाईची भुकटी अलगद बसवायची, उष्णतेने चिकटवायची आणि कागद गुपचूप बाहेर सोडायचा, एवढेच त्याचे काम. पहिल्या दिवशी रांगेतल्या लोकांना कार्यालय बंद पडल्यासारखे वाटले आणि त्यांनी खिडकीची काच वाजवायला सुरुवात केली.

त्याच दिवशी एक निवृत्त सुईण रहिवासाचा दाखला मागायला आली. तिची लेक परदेशात होती. पहिलीच खेप, दिवस भरत आलेले आणि पोटातले मूल पायाळू. लेक फोनवर रडत होती. सुईणबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींचे पायाळू बाळंतपण सोडवले होते. आता स्वतःच्या लेकीकडे जायला प्रवास खात्याला पिवळी प्रत हवी होती. हातात वीस दिवस होते.

कारकुनाने तिन्ही कागदांची चळत नव्या मुद्रकात घातली. पांढऱ्या कागदावर सुईणबाई सुबक उमटल्या. गुलाबी आणि पिवळा हे दोन्ही कागद गरमागरम बाहेर आले, पण कोरे.

"मग तीनदा छाप की," सुईणबाई म्हणाल्या.

"तीनदा छापलं तर तीन अस्सल दाखले होतील, मावशी. एका माणसाचे तीन अस्सल म्हणजे गुन्हा. वरच्या ठोक्यानं खाली उमटते ती प्रत. नियम नऊ."

त्याने पांढरा कागद उलटा करून मागून अंगठा फिरवला. तीस वर्षे त्याने दाखले वाचले नव्हते, चाचपलेच होते. मागून खडबडीत लागला की दाखला खरा. हा गुळगुळीत होता. त्याने तोही परत ओढून घेतला.

"अरे, तू माझ्या समोरच्या दारात राहतोस! रोज सकाळी माझ्याकडून वर्तमानपत्र नेतोस. मी कुठं राहते ते तुला ठाऊक नाही?"

"घरी ठाऊक आहे. इथं कसं असेल? आणि शेजाऱ्यांची साक्ष चालत नाही, ओळख निघते."

"तुझा जन्म माझ्या हातचा आहे. तूही पायाळूच होतास. तेव्हापासून उलटाच!"

कारकुनाने ही माहिती अभिप्रायाच्या रकान्यात नोंदवली.

प्रकरण समितीकडे गेले. समितीने अकरा दिवस आघात या संकल्पनेचा विचार केला आणि दोन मुद्रकांची सांगड घालण्याची शिफारस केली. जुना मुद्रक अडगळीतून आणण्यात आला. त्याची रिबीन वाळून गेली होती आणि नवी कोणी बनवत नव्हते. पण अडचण नव्हती. पांढऱ्या कागदावर नव्या मुद्रकाने अक्षरे द्यायची, मग तिन्ही कागद जुळवून जुन्यात घालायचे आणि त्याने नुसते ठोके द्यायचे. पांढरा कागद मागून खडबडीत होईल आणि खालच्या दोन्ही प्रतींवर अक्षर उमटेल. अध्यक्षांनी याला समन्वय म्हटले.

जुना मुद्रक मनसोक्त करकरला. रांगेत समाधान पसरले. कारकुनाने पांढऱ्या कागदामागून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा खुलला. मग त्याने गुलाबी प्रत पाहिली.

जुन्या मुद्रकाने निवृत्तीपूर्वी शेवटचे काम मृत्यू विभागाचे केले होते. त्याच्या पोटात एकच नमुना शिल्लक होता, आणि तो त्याने इमानदारीने भरला होता. पांढऱ्या कागदावर सुईणबाई रहिवासी होत्या. गुलाबी आणि पिवळ्यावर मयत.

"फाडून टाक ते!" सुईणबाई ओरडल्या.

"फाडता येत नाही, आघात झालाय," कारकून खालच्या आवाजात म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होते. "तीनपैकी दोन प्रती एक सांगतात, मावशी. मी एकटा काय करणार? दुरुस्तीचा अर्ज द्या. फक्त तो मयत व्यक्तीला स्वतः करता येत नाही."

पिवळी प्रत नियमानुसार त्याच दुपारी प्रवास खात्याकडे गेली. कार्यालयाच्या इतिहासात वेळेवर गेलेला तो पहिला कागद. प्रवास खात्याने तत्परतेने शोक कळवला.

विसाव्या दिवशी सुईणबाई त्याच रांगेत उभ्या असताना जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. पोट चिरावे लागले, पण दोघी सुखरूप होत्या. सुईणबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. शेकडो पोरे सुखरूप बाहेर काढलेल्या त्या हातांना आता काही काम नव्हते. त्या तिथेच, रांगेत, सगळ्यांदेखत रडल्या. कारकुनाने त्यांना पाणी दिले आणि पुढच्या माणसाला बोलावले.

वाचताना कुठे कुठे हसला असाल. हरकत नाही. पण घरी गेल्यावर तुम्ही कपाटातून स्वतःच्या जन्माचा दाखला काढणार, उलटा करणार आणि कोणी बघत नाही ना, याची खात्री करून मागून अंगठा फिरवणार. गुळगुळीत लागला तर खिडकी क्रमांक तीन, सकाळी साडेनऊपासून. तुम्ही जन्मल्याचे दोन साक्षीदार सोबत आणा. ओळखीचे नकोत.