साहेबरावांच्या नावावरचं सीताफळ

दवाखान्यात डिजिटल एक्स-रे मशीन आलं आणि कडुबांची डार्करूम फिनेलचे डबे ठेवायच्या कामाला गेली. छावणीजवळच्या त्या खाजगी दवाखान्यात अंधारात फिल्म धुता धुता कडुबांचे केस पांढरे झाले होते. आता त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. शिकवायला कंपनीकडून मेघा आली. ती त्यांच्या लेकीच्या वयाची होती, त्यांना 'काका' म्हणायची आणि ते चुकले तरी हसायची नाही. कडुबांना त्याचंच दडपण जास्त येई. आठवड्याच्या शेवटी ती परीक्षा घेणार होती. पास झालात तर मशीन तुमचं, नाहीतर नोंदणीच्या खिडकीवर बसा, असं मालक डॉक्टरांनी चहा पाजून सांगितलं होतं.

कडुबांची जन्माची सवय अशी, की आधी फोटो काढायचा, मग फिल्म धुवायची आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात पेशंटचं नाव घालायचं. नव्या मशीनला आधी नाव लागत होतं. मेघानं हे पुन्हा पुन्हा सांगितलं. कडुबा प्रत्येक वेळी मान डोलवत, पण हात जुन्याच क्रमानं चालत.

सरावासाठी कंपनीचा नकली हाडांचा सांगाडा यायचा होता, तो वाटेतच कुठेतरी अडकला. जिवंत माणसावर सराव करायचा नसतो. मग मेघा म्हणाली, एखादं फळ ठेवा. कडुबांनी गेटवरच्या गाड्यावरून चांगलं थोराड सीताफळ आणलं, प्लेटवर ठेवलं आणि बटण दाबलं. चित्र सुरेख आलं. एक एक बी उठून दिसत होती. मेघा "छान, काका" म्हणाली आणि फोन घ्यायला बाहेर गेली. त्या आनंदात कडुबांनी पडद्यावर दिसणारं 'पाठवा'ही दाबून टाकलं. पडद्यावर नाव होतं यादीतल्या पहिल्या पेशंटचं, खुलताबादच्या साहेबरावांचं.

साहेबराव त्याच सकाळी पोटदुखी घेऊन आले होते. उद्या उपाशीपोटी या, मग एक्स-रे काढू, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं होतं. खिडकीवर नाव आणि मोबाइल नंबर घेतला, नोंदणीसाठी चेहऱ्याचा फोटो काढला, इतकंच. पोटदुखी खरी तर बरीच जुनी होती. पण ती नेमकी मका काढणीला वाढल्यामुळे त्यांच्या बायकोचा, गोजरबाईंचा, तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

संध्याकाळी साहेबरावांच्या मोबाइलवर दवाखान्याचा मेसेज वाजला. घरी आलेल्या मेव्हण्यानं, अप्पारावनं, तो उघडला. वर साहेबरावांचं नाव, खाली काहीतरी गोल, आणि त्यात खच्चून भरलेले खडे. अप्पाराव मोजता मोजता दमला.

"पर मला आतमधी नेलंच नाय अजून," साहेबराव म्हणाले.

"खिडकीवर फोटो काढला ना, दाजी? डिजिटल हाय ते. लांबूनच निघतं."

गोजरबाईंनी नवऱ्याला बाजेवर झोपवलं. धारा एकटीनं काढल्या, मऊ भात केला आणि मग पाय चेपत बसल्या. शेजारपाजारचे खडे बघायला आले. साहेबरावांचं पोट तोवर जरासं थांबलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नाही, हे त्यांना कळत होतं.

सकाळी जीप भरून माणसं दवाखान्यात उतरली. डॉक्टर तोवर कॉम्प्युटरसमोर बसून विचार करत होते, की या पेशंटला मणके कसे नाहीत. त्यांनी मेघाला बोलावलं आणि मेघानं कडुबांकडे पाहिलं. कडुबांनी आपलं सीताफळ लगेच ओळखलं. पुसून टाकू का, असं त्यांनी हळूच विचारलं. पुसता येत नाही, चूक झाली अशी नोंद करावी लागते, असं मेघानं सांगितलं.

कडुबांनी बाहेर जाऊन हात जोडले आणि सीताफळाचा फोटो आधी नाव न बदलताच काढला, असं खरं ते सांगितलं. अप्पारावनं मोबाइल खिशात घातला. गोजरबाई नवऱ्याकडे वळल्या.

"सीताफळाच्या बियांवर पाय चेपून घेतले व्हय माझ्याकडून? चला घरी. मका पडलाय रानात."

दुखतंय खरंच, असं साहेबराव काकुळतीला येऊन सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. सगळे जीपकडे निघाले. पोटात खरोखर काही असलं तर ते आपल्यामुळे तसंच राहील, असं कडुबांना वाटलं. ते वाटेत आडवे आले.

"बाई, चूक माझी हाय, यांची नाय. एकडाव फोटो काढू द्या. मंग काय बोलायचं ते मला बोला."

गोजरबाईंनी जरा विचार केला आणि अट घातली, की फोटो त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे. मेघानं त्यांना जाड काचेमागे कडुबांशेजारी उभं केलं. हीच परीक्षा समजा, असंही कडुबांना सांगितलं. साहेबराव टेबलावर झोपले. कडुबांचा हात सरळ बटणाकडे गेला.

"थांबा," गोजरबाई म्हणाल्या. "आधी नाव."

कडुबांनी नाव निवडलं. गोजरबाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, मग गाव, मग वय. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा काचेतून नवऱ्याला विचारून घेतलं, तुम्हीच ना? साहेबराव झोपल्या झोपल्या "व्हय" म्हणाले.

"आता दाबा."

या वेळी चित्रात मणके होते, बरगड्या होत्या आणि मूत्रपिंडाच्या जागी हरभऱ्याएवढा एक पांढरा खडा होता. हे कुठलं फळ नाही ना, असं गोजरबाईंनी विचारलं. नाही, डॉक्टर म्हणाले. औषध आणि भरपूर पाणी, बहुधा पडून जाईल, नाहीतर पुढचं पाहू.

मेघानं कडुबांना पास केलं नाही. पुढच्या आठवड्यात परत परीक्षा, या वेळी बाईंशिवाय, असं तिनं सांगितलं. कडुबांना ते पटलं.

बाहेर अप्पारावनं विचारलं, किती निघाले? एकच म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. गोजरबाई मात्र नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेऊन पायऱ्या उतरत होत्या.

"किती दिस सांगत व्हता तुम्ही," त्या म्हणाल्या.

"व्हय," साहेबराव म्हणाले. खडा निघाला म्हणून इतकं समाधान झालेला पेशंट कडुबांनी आजवर पाहिला नव्हता.

जीपमध्ये बसल्यावर गोजरबाईंनी भावाकडे वळून पाहिलं.

"अप्पा, उद्या विळा घेऊन ये. मका तू काढ."