गावात म्हैस नाही

धोब्याकडे द्यायच्या कोटाचे खिसे तपासताना मृणालिनीच्या हाती नवऱ्याची वही लागली. खिसे तपासावेत, वही वाचू नये, एवढं तिला कळत होतं. पण वही जिथे उघडली तिथे शरच्चंद्रच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'सुगंधा. नवऱ्यासमोर बोलत नाही. तो दिवसपाळीला गेल्यावर जाणे.' आणि त्याखाली : 'वनमाला. आधी लाजते, मग खुलते. दुपारी विहिरीपाशी एकटी गाठणे.'

मृणालिनी मोरीच्या उंबऱ्यावरच बसली.

शरच्चंद्र फोर्टातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा आणि गेली चार वर्षं खेड्यातल्या शेतीजीवनावर प्रबंध लिहीत होता. त्यासाठी दर रविवारी तो पार्ल्याहून बोरीवलीला जायचा. आजवर तिला त्याचं कौतुकच वाटत आलं होतं.

"प्रबंध कुठवर आलाय?" जेवताना तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"अडलाय गं. बायका काही केल्या दाद देत नाहीत."

तिचा डाव भातातच राहिला. "कुठल्या बायका?"

"पाड्यावरच्या. सर म्हणाले, घाई करू नका. हळूहळू जवळीक वाढवा."

"सर म्हणाले?"

"त्यांचा दांडगा अनुभव आहे."

त्यानंतर तिने ताक वाढलं नाही.

रविवारी तो निघाला आणि अर्ध्या तासाने तीही निघाली. बोरीवली स्टेशनाच्या पूर्वेला तेव्हा थोडं चाललं की भातखाचरं लागायची. बांधावरून चपला सांभाळत ती पाड्यावर पोचली, तर विहिरीवर दोघी जणी उभ्या होत्या. एक साठीची, पुढचे दोन दात पडलेली. दुसरी तरणी, हातात कोयता.

"वनमाला कुठे राहतात?" मृणालिनीने विचारलं.

"मीच ती," म्हातारी म्हणाली. "काय काम?"

मृणालिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. छातीवरचा अर्धा भार उतरला. "आणि सुगंधा?"

"ही माझी सून. तू कोन? त्या चष्मेवाल्याच्या हापिसातली? आधी तो, आता तू. उद्या पोलिस येनार."

"पोलिस कशाला येतील?"

"म्हशी किती, दूध किती, जमीन कोन कसतो! दर आयतवारी येऊन लिवतोय. म्हशी मोजायच्या नि गोरेगावच्या सरकारी तबेल्यात न्यायच्या. आमी काय खुळ्या हाव?"

"अहो, ते सरकारी नाहीत. कॉलेजात शिकवतात. माझे मिस्टर आहेत ते."

"मिस्टर हाय, तर मागनं लपतछपत कशाला आलीस?" सुगंधाने कोयता खाली न ठेवता विचारलं.

मृणालिनीला थाप सुचेना. तिला रडू यायला लागलं, आणि पाठ झालेल्या त्या ओळी तिने जशाच्या तशा म्हणून दाखवल्या.

वनमाला इतकी हसली, की दोर हातून सुटून बादली विहिरीत गेली. "मी खुलते? ऐकलंस का गं सुगंधा? दुपारची मला एकटीला गाठनार!"

नवऱ्याच्या पाळतीवर आलेली बाई सरकारी असूच शकत नाही, याबद्दल मग दोघींची खात्री पटली. त्यांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि चार वर्षांत शरच्चंद्रला न सांगितलेलं सगळं तासाभरात सांगून टाकलं. म्हशी नऊ. टेकडीखाली बांबूच्या बेटामागे बांधलेल्या. दर रविवारी पहाटेच तिकडे न्याव्या लागतात, त्याने दूध आटतं. एक तर कालच व्यायली. खालचं खाचर नावावर एकाच्या आणि कसतो दुसरा.

"पन बाय, कुनाला बोलायचं नाय हां. दादल्यालाबी नाय."

मृणालिनीने गळ्यावर बोटं ठेवून शपथ घेतली. वनमालाने चिकाने भरलेला कडीचा डबा तिच्या हातात दिला.

इतक्यात वनमालाच्या नवऱ्याच्या ओटीवरून शरच्चंद्र हताश होऊन खाली उतरला. "मृणाल! तू इथे?"

"म्हटलं, बघावं तरी तुमचं काम."

लग्नाला सात वर्षं झाली होती; प्रबंधात तिने पहिल्यांदाच रस घेतला होता. तो भारावून गेला. "डब्यात काय आहे गं?"

"विहिरीचं पाणी. गोड आहे म्हणे."

संध्याकाळी वही उघडून तो उत्सुकतेने तिच्यासमोर बसला. "तुझ्याशी तासभर बोलत होत्या त्या. सांग ना, म्हशी किती?"

मृणालिनीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे लिहून तुम्ही कुठे देणार?"

"विद्यापीठात."

"विद्यापीठ कुणाचं?"

"म्हणजे... तसं सरकारचंच म्हण."

"मग म्हशी नाहीत."

"एकही नाही?"

"शपथेवर सांगते. एकही नाही."

शरच्चंद्रने सुस्कारा टाकून वहीत शून्य मांडलं आणि पुढ्यातली बशी ओढली. "खरवस मात्र झकास झालाय हां. चीक कुठे मिळाला?"

"इथेच, पार्ल्यात," मृणालिनी म्हणाली आणि तिने आणखी एक वडी वाढली.