हकिकत रणपिशांच्या लाळपरीक्षेची

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. ग्वाल्हेर-लष्कर मुक्कामी रणपिसे या एकाच आडनावाच्या दोन घरांत जो संग्राम जाहला, त्याचे वर्तमान स्वामींनी पुसिले, ते यथास्थित लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले नाही. मुळातच फार होते.

शिंदे की छावनीत राजमान्य राजेश्री संभाजीराव रणपिसे, वीजखात्यातून निवृत्त, राहत. आपले पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर आले, हा त्यांचा अखंड घोष. खासे मात्र लेकीच्या स्कूटीवर मागे बसतानाही डोळे मिटीत. जयेंद्रगंजात दिनकरराव रणपिसे यांचे पंख्यांचे दुकान. त्यांजविषयी संभाजीराव भर मजलसीत सांगत की, हे रणपिसे नव्हेत, यांच्या आज्याने आमचे आडनाव उचलिले.

मग काळ फिरला आणि संभाजीरावांची कन्या नीलम, बँकेत अधिकारी, हिने दिनकररावांचे चिरंजीव अंशुल यांजशी लग्नाचा मनसुबा जाहीर केला. संभाजीरावांनी तत्क्षणी पवित्रा पालटून फर्माविले की, आडनाव एक, कूळ एक, सबब तुम्ही बहीणभाऊ, लग्न नामंजूर. कालचा तोतया आज सख्खा भाऊबंद जाहला.

नीलमने शांतपणे विचारिले, "पापा, एक काय ते ठरवा. ते रणपिसे आहेत की नाहीत?"

"लग्नापुरते आहेत," ऐसा जबाब आला.

मग तिने तजवीज केली की, बापाकडून फक्त लेकासच उतरतो त्या वाय-डीएनएची परीक्षा दोन्ही घरांनी द्यावी, आणि साताऱ्याकडील मूळ गावच्या एका रणपिशासही सामील करावे.

"टेस्ट करा लेते हैं ना, पापा. घाबरता कशाला?"

तो शब्द वर्मी लागला, आणि खाशांनी जबडा उघडिला, आणि कापसाची काडी गालात फिरली, आणि दिनकररावांनीही दुकानाचे शटर अर्धे ओढून तेच केले.

यथावकाश निकाल आला. दोघांचा पितृवंश निराळा, सबब लग्नास बाध नाही. परंतु साताऱ्याच्या रणपिशाशी मेळ बसला तो दिनकररावांचा. संभाजीरावांचा कोणाशीच बसेना.

खासे मोठ्या पेचात पडले. निकाल खरा म्हणावा तर आडनाव जाते, खोटा म्हणावा तर पंखेवाला भाऊ होतो. अन्न गोड लागेना, आणि भिंतीवरल्या आजोबांच्या तसबिरीकडे पाहवेना. तेव्हा दिनकरराव स्वतः चालोन आले आणि म्हणाले, "आडनाव राहू द्या, राव. दारावरची पाटी आता कोण बदलत बसणार?" ही दया संभाजीरावांस पराभवाहून जड गेली.

अखेर हुकूम सुटला की, निकालाचा पहिला भाग शास्त्र, दुसरा प्रयोगशाळेची गफलत; विवाह मंजूर.

येणेप्रमाणे नीलमबाईसाहेबांची फत्ते जाहली. इंदरगंजच्या कार्यालयात अक्षता पडल्या, आणि वधूस आडनाव बदलावे लागले नाही. जे रणपिसेपण बापाच्या लाळेत निघाले नाही, ते लेकीने लग्न करोन हस्तगत केले. नोंद कायम असे.