बाईंच्या फाटकाला तेल

रविवारी चर्चमधून घरी आल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता कुलूपवाल्यांनी जाहीर केलं, की या आठवड्यात आपण एक चांगलं काम करणार आणि ते कोणाला म्हणजे कोणालाही सांगणार नाही.

"मग आत्ता काय केलंत?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"काय केलं?"

"सांगितलंत की!"

कुलूपवाले एक बूट हातात धरून तसेच बसले. "हे सांगणं वेगळं. काम कुठलं, ते सांगणार नाही."

"जमेल?"

"न जमायला काय झालं?"

बायकोनं पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं.

तिच्या शंकेला आधार होता. कुलूपवाले माणूस सोन्यासारखा. कोणाची किल्ली हरवो, कोणाचं दार अडको, हातातलं काम टाकून धावायचे. पण नंतर ती हकीकत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला साग्रसंगीत ऐकवायचे. त्यांच्या पोटात काही राहत नसे. चर्चच्या मागच्या दाराला त्यांनी एकदा स्वखुशीनं कडी बसवून दिली होती. तेव्हापासून त्या दारानं बाहेर पडणारी माणसं थांबून कडीचं कौतुक करत, कारण केल्याशिवाय कुलूपवाले वाटेतून बाजूला होत नसत. आणि या रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, की मदत अशी करावी, एका हातानं केलेली दुसऱ्या हाताला कळू नये. म्हणताना त्यांची नजर सहज तिसऱ्या बाकाकडे गेली. तिसऱ्या बाकावर कुलूपवाले होते. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं, तेही अगदी सहजच.

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या घरात बाई राहायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ कण्याच्या. त्यांचं लोखंडी फाटक उघडलं की असं किंचाळायचं, की घराला लागूनच असलेल्या दुकानात किल्ली घासणाऱ्या कुलूपवाल्यांच्या दाढा शिवशिवायच्या. मंगळवारी दुपारी बाई जेवून आडव्या झाल्या असतील असा अंदाज घेऊन कुलूपवाले तेलाची बुधली कोटाखाली लपवून बाहेर पडले. फाटकाशी उकिडवे बसून त्यांनी बिजागऱ्यांचा गंज खरवडला, तेल सोडलं, एक वाकलेला खिळा हातोडी न वापरता नुसत्या पकडीनं सरळ केला. मग फाटक ढकलून बघितलं. फाटक उघडलं, मिटलं, आणि हूं की चूं नाही.

खरी पंचाईत पुढे होती. इतकं सुरेख काम झालं होतं आणि सांगायला कोणी नाही! दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. दोघांशी कुलूपवाले हवापाण्यावर बोलले. संध्याकाळी घरी येऊन ते विनाकारण गुणगुणू लागले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय?" असं म्हणून त्यांनी घाईघाईनं पाण्याचा घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात दार वाजलं. दारात बाई होत्या. चेहरा पांढराफटक.

"कुलूपवाले, माझ्या घरावर कोणीतरी डोळा ठेवून आहे."

"कोण?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? त्याच्याकडेच गेले नसते का? माझं फाटक वाजत नाहीये."

"अरे वा!" कुलूपवाल्यांच्या तोंडून निसटलं. "म्हणजे... अरेरे."

"दाराची घंटा मला ऐकू येत नाही. फोन ऐकू येत नाही. ऐकू यायचा तो एवढा फाटकाचा आवाज. कोणी आत आलं की त्यावरून कळायचं मला. आज कोणीतरी मुद्दाम तेल घालून त्याला गप्प केलंय. आधी फाटक गप्प करायचं, मग सवडीनं आत शिरायचं. चोरच तो!"

"बाई, एखाद्या भल्या माणसानंही..."

"न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतो तो भला कसा? जन्मभर पोरांना हेच शिकवलं मी."

तिथल्या तिथं खरं सांगून टाकलं असतं तर विषय मिटला असता. पण एक तर निश्चय आडवा आला. आणि दुसरं म्हणजे, बाईंनी छडी केव्हाच टाकली असली तरी नजर अजून शाबूत होती. कुलूपवाल्यांनी मान खाली घातली आणि दुकानातलं सर्वांत दणकट कुलूप काढून बाईंच्या घराच्या दाराला लावून दिलं.

बाईंचं मात्र एका कुलपावर भागेना. त्यांनी फाटकाच्या आत, पायाशी दोरी ताणली, दोरीला रिकामे डबे टांगले, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत साबणाच्या पाण्याची बादली भरून ठेवली. रात्र रात्र त्या खुर्चीत बसून काढू लागल्या. कुलूपवाल्यांना हे शेजारून दिसत होतं. जेवताना घास फिरत होता. चांगलं काम केल्यावर माणसाला इतकं वाईट वाटतं, हे उपदेशात कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी पाळकसाहेब बाईंच्या भेटीला आले. एरवी त्यांच्या आगमनाची वर्दी फाटक द्यायचं. या वेळी फाटक मुकाट्यानं उघडलं, पाळकसाहेबांनी पुढचं पाऊल दोरीत टाकलं, डब्यांचा खणखणाट झाला आणि वरून बादली रिकामी झाली.

"सापडलास!" खिडकीतून बाई ओरडल्या.

"बाई, मी आहे!" फुलझाडांत बसलेले पाळकसाहेब ओरडले.

"मी आहे, मी आहे काय? नाव सांग!"

कुलूपवाले धावत आले. पाळकसाहेबांचा घोटा मुरगळला होता. बाई खाली येऊन इतक्या ओशाळल्या, की टॉवेल पाळकसाहेबांना देण्याऐवजी त्यांनी स्वतःचंच तोंड त्यात लपवलं. कुलूपवाल्यांनी पाळकसाहेबांना खांद्याचा आधार दिला आणि दोघं लंगडत निघाले. थोडं अंतर गेल्यावर कुलूपवाल्यांनी घसा साफ केला.

"पाळकसाहेब, एक विचारू? समजा, एक माणूस आहे."

"बरं. समजलो."

"त्यानं एक चांगलं काम गुपचूप केलं. पण त्यापायी दुसऱ्या एकाला थोडा त्रास झाला."

पाळकसाहेबांनी भुवईवरचा फेस पुसला. "थोडा नाही. बराच झाला."

"मग त्यानं आता सांगावं, की गप्पच राहावं?"

पाळकसाहेब थांबले. "गुपचूप करायचं ते शाबासकी टाळायला, कुलूपवाले. बोलणी टाळायला नव्हे."

कुलूपवाल्यांनी हे मनात दोनदा घोळवलं. "पटलं. सांगतो त्या माणसाला."

"सांगा. आणि त्याला हेही सांगा, की तो माझा दुखरा पाय तुडवतोय."

शुक्रवारी सकाळी कुलूपवाले आरशासमोर उभे राहून बोलण्याची तयारी करून बाईंकडे निघाले. 'बाई, चूक माझी आहे.' नाही, 'बाई, आधी बसून घ्या.' जिना चढून ते वर आले. दार उघडंच होतं. आत बघतात तो काय, बाईंच्या खास खुर्चीत सुतार बसलेला! गल्लीच्या टोकाला राहणारा, चर्चच्या गाण्यात खर्ज लावणारा, एरवी दिवसभरात चार वाक्यंही न बोलणारा. समोर चहा, बशीत केक. आणि बाईंचा चेहरा असा खुललेला, जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाय.

"या, कुलूपवाले! चोर सापडला!" बाई म्हणाल्या. "खिडकीचा अडसर बसवायला यांना बोलावलं, तर पिशवीत ही तेलाची बाटली! मी थेट विचारलं, फाटकाला तेल तुम्हीच घातलंत ना? तर मान हलवली यांनी. म्हणे, ज्यानं केलं त्याच्या मनात वाईट नव्हतं, बाई. किती साधेपणा! स्वतःला 'मी' सुद्धा म्हणेनात!"

सुतारानं केककडे बघितलं.

"एवढं केलं आणि तोंडातून शब्द नाही," बाई पुढे म्हणाल्या. "नाहीतर एकेक जण असतात. इवलीशी कडी बसवतात आणि वर्षभर वाजवतात."

कुलूपवाल्यांच्या कानशिलाला आग लागली. इतके दिवस जीव खाणारं गुपित, ठसका, न गेलेले घास, आणि केक कोणाला? तोंड उघडून त्यांनी श्वास घेतला. आणि त्यांच्या लक्षात आलं, की काल जी कबुली होती तिची आज बढाई झाली होती.

"तुम्ही काही सांगायला आला होतात का?" बाईंनी विचारलं.

"मी? हो. पाळकसाहेबांची सूज उतरली."

"देवाची कृपा. आता एक काम करा. या सुतारदादांनी मायेनं केलं, मी बोलणार नाही त्यांना. पण मला तो आवाज हवा. तुम्ही दोघं मिळून फाटक होतं तसं करून द्या."

चांगलं फाटक बिघडवणं किती अवघड असतं, हे कुलूपवाल्यांना त्या दिवशी कळलं. सोड्याच्या पाण्यानं तेल धुतलं, फडक्यानं पुसलं, बिजागरीत राख भरली. फाटक नुसतं खोकल्यासारखं करी.

"नाही!" वरून बाई म्हणायच्या. "याहून वर!"

मग सुतारानं फाटक किंचित उचलून धरलं, कुलूपवाल्यांनी खिळा वाकवला. फाटक हंबरलं.

"हं, जवळ आलंय! अजून थोडं बारीक!"

सुतार फाटकाच्या सुराकडे कान लावून उभा होता. मग एकाएकी खर्जातच म्हणाला, "कुलूपवाले, मी तेल घातलं नाही."

"अं?"

"ती बाटली करवतीला लावायच्या तेलाची. पण बाई रडायच्या बेतात होत्या हो. मला वाटलं, चोर नव्हता एवढं कळलं तर बिचाऱ्या झोपतील तरी. मान हलून गेली माझी. मग केक आला. मग मान परत उलटी हलवायचं धाडस होईना."

कुलूपवाले केकचा राग एकदम विसरले. आपण चार दिवस जे पाहून नुसते तळमळत होतो, त्यावर या माणसानं फुंकर घालायचा प्रयत्न तरी केला होता.

"रविवारी गायला तोंड कसं उघडू?" सुतार म्हणाला. "आत्ताच वर जाऊन खरं सांगतो. पण मग त्या परत घाबरतील. चोर नव्हता, हे कशाच्या जोरावर सांगू?"

कुलूपवाल्यांनी पकड खाली ठेवली. "सांगा, की कुलूपवाल्यांनी हमी दिलीय. मी ओळखतो त्याला."

"ज्यानं तेल घातलं त्याला?"

"हो."

"कसा आहे माणूस?"

कुलूपवाल्यांनी खरोखरच थोडा विचार केला. "तसा बरा आहे. बोलतो फार."

सुताराच्या हातून फाटक सुटलं. "अहो, पण तुम्ही कसे असाल? तुम्ही असता तर मंगळवारीच गावभर झालं असतं!"

"मलाही तसंच वाटत होतं," कुलूपवाले म्हणाले.

"काय कुजबुजताय तिथं?" खिडकीतून बाई ओरडल्या. "मला इथं काही ऐकू येत नाही!"

"वर येऊन सांगतो, बाई!" कुलूपवाले ओरडले. "दोघंही येतोय!"

त्यांनी हात फडक्याला पुसले आणि जिन्यापाशी येऊन बिचकून सुताराला पुढे व्हायची खूण केली. मग जिन्याच्या वरच्या टोकाशी उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा दिसला. कुलूपवाल्यांनी सुताराचा दंड धरून त्याला अलगद मागे घेतलं आणि पहिली पायरी स्वतः चढले.