माणूस कुठून आला, त्याची पाटी

पेंटरने पाटी तिसऱ्यांदा पांढरी केली आणि बायकोचा तिसरा फोन आला.

"अहो, पोरीला बाळंतपणासाठी आत नेलंय. 'बाबा आले का?' एवढंच विचारतेय."

"आलोच. एकच पाटी राहिलीय."

"सकाळी सातला पण एकच राहिली होती!"

खरं होतं. संग्रहालयाच्या नव्या दालनात, आदिमानवाच्या पाच पुतळ्यांपुढे, ही एकच पाटी लागायची होती. उद्या उद्घाटन. मजकूर दोघांना पटायला हवा होता: दालनाला देणगी देणाऱ्या शेठजींना आणि सल्लागार प्राध्यापिका बाईंना. मध्ये अधीक्षक. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांचं मत तेवढंच होतं.

पहिली पाटी:

माणूस माकडापासून झाला.

"माकडापासून नाही हो!" बाई कळवळल्या. "माकडाचा नि आपला पूर्वज एक."

"तुमचा असेल," शेठजी म्हणाले. "आमच्या पूर्वजांची तसबीर दारात टांगलीय. बघून या."

दुसरी पाटी:

माणूस देवाच्या परवानगीने उत्क्रांत झाला.

"परवानगीचा कागद दाखवा," बाई म्हणाल्या.

तिसरी:

देवाने माणूस घडवला. त्याला लाखो वर्षे लागली.

"लाखो वर्षं? देव म्हणजे काय रस्त्याचा ठेकेदार वाटला तुम्हाला?" शेठजी म्हणाले.

ती पुसून आता पेंटर ओली पाटी पंख्यासमोर धरून उभा होता. अधीक्षकांनी मधोमध रेघ मारून डावीकडे विज्ञान, उजवीकडे श्रद्धा असं सुचवलं. शेठजी उसळले. "लोक डावीकडून वाचतात! आम्ही काय पंगतीत मागून बसायचं?"

"मग गोल करा!" अधीक्षकांना एकदम सुचलं. "गोलाला ना डावं, ना उजवं!"

सुताराने पाटी गोल कापून दिली. अधीक्षकांनी चिठ्ठीवर चार शब्द दिले: देव, जीव, पूर्वज, माणूस. "मध्ये बाण काढा. वाक्य नको. वाक्य आलं की भांडण आलं."

पेंटरने चार शब्द गोलात बसवले, तीन बाण काढले. चौथ्या बाणाची जागा रिकामी राहिली. पडलेल्या दातासारखी दिसत होती. तीस वर्षं पाट्या रंगवलेल्या हाताला ते सहन होईना आणि डोकं तर दवाखान्यात होतं. त्याने तिथंही एक बाण ओढला, जरा जाडच.

देव → जीव → पूर्वज → माणूस → देव

शेठजींचं बोट गोलावरून फिरत शेवटच्या बाणापाशी थांबलं.

"माणसापासून... देव?"

पेंटर बाईंकडे आशेने बघू लागला. सकाळपासून विज्ञानाची बाजू त्यांनीच लढवली होती.

"भलतंच काय!" बाई ओरडल्या. "उद्या माझ्या सासूबाई येणार आहेत इथे! लोक म्हणतील, हे मी लिहायला सांगितलं!"

"बघा, बाईंना पण कळतंय," शेठजी म्हणाले.

"शेठजी बरोबर बोलतायत," बाई म्हणाल्या.

"एकमत!" अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला: पाटी रद्द, पेंटर बंद. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. शेठजींनी बाईंसाठी चहा मागवला.

"उद्यापासून येऊ नका," अधीक्षक पेंटरला म्हणाले.

"आत्ता जाऊ का?"

उत्तराची वाट न पाहता तो सुटला. दवाखान्याचे जिने एका दमात चढून खोलीच्या दाराशी पोहोचला, तेव्हा पाळण्यात नात होती. वीस मिनिटांपूर्वीची. सुरकुतलेली, लालभडक, कानांच्या पाळ्यांवर बारीक काळी लव. लेकीने डोळे किलकिले केले. "आलात, बाबा?" एवढं म्हणून ती पुन्हा झोपली.

पाळण्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला विहीणबाई.

"नाक बघा, अगदी आमच्या घरचं," विहीणबाई म्हणाल्या.

"नाक असेल. कपाळ आमचं आहे," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही सांगा, कुणावर गेलीय?"

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. पेंटरने पाळण्यात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"आधी हात धुऊन येतो," तो म्हणाला, "रंग लागलाय," आणि पाऊण तास हात धूत राहिला.