रविवार कारंजावरचा स्टँड

संपदाचं वाक्य तिसऱ्यांदा उडालं, तेव्हा तिने भाजीवरचं झाकण दाणकन आपटलं.

इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात नाशिकची नोंद होती. त्यात गोदावरी होती, द्राक्षं होती, कुंभमेळा होता. संपदाने त्यात एकच वाक्य घातलं होतं : 'कुणाच्या दुचाकीचा स्टँड खाली राहिला, तर या शहरात अनोळखी माणसंही ओरडून सांगतात.' घोटीचे कुणी झुंबर नावाचे संपादक ते इमानेइतबारे काढायचे आणि खाली लिहायचे, 'पुरावा द्या.'

"जाऊ दे ना आता," तिचा नवरा विश्वेश म्हणाला.

"का जाऊ देऊ? बाबा आज धडधाकट आहेत ते कुणामुळे?"

बाबा म्हणजे तिचे सासरे, वेणीमाधवराव. मागच्या वर्षी त्यांना स्कूटरवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना ती स्टँड खाली ठेवूनच डावीकडे वळणार होती. मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "ताई, स्टँड!" तिने ब्रेक दाबून मागे पाहिलं, तर तो माणूस गर्दीत दिसेनासा झालेला. आभार मानायचे राहून गेले, ते तिच्या जिवाला लागलं होतं. त्याचं नाव ठाऊक नाही, निदान त्याचा चांगुलपणा तरी कुठेतरी लिहिलेला असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शेवटी पुरावा आपणच तयार करायचा, असं तिने ठरवलं. रविवारी सकाळी ती मुद्दाम स्टँड खाली ठेवून रविवार कारंजाच्या गजबजलेल्या चौकातून निघाली. डावीकडे वळायचं नाही, वेग चालत्या माणसाएवढा आणि फुटपाथवरून मोबाईलवर शूटिंग करत विश्वेश, असा बेत होता.

"ताई, स्टँड!" पहिला आवाज आला. संपदा कृतार्थ होऊन म्हणाली, "हो दादा, थँक्यू!" आणि तशीच पुढे गेली. दुसरा ओरडला, मग तिसरा. ही बाई हसते, आभार मानते, पण स्टँड काही वर घेत नाही, हे बघून लोकांचा जीव खालीवर होऊ लागला. एका रिक्षावाल्याने तर रिक्षा थेट तिच्यासमोर आडवी घातली.

"ओ ताई, लय वेळ झाला ओरडतोय! ऐकायला येत नाय का?"

त्याने उतरून पायाने स्टँड वर केला. संपदाने तो निमूटपणे पुन्हा खाली केला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींना विश्वेश दिसला.

"हा बघा मेला! बाई पडायची वाट बघत फिल्लम काढतोय!"

"अहो आजी, मी नवरा आहे तिचा!"

हे ऐकून तर लोक त्याच्या अंगावरच धावले. पोलीस येईपर्यंत चारही रस्ते तुंबले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : 'स्टँडवरून रविवार कारंजावर वाहतूक कोंडी.' संपदाने ती लाजत लाजत झुंबर यांना पाठवली. छापील बातमी! वाक्य राहिलं. घरात श्रीखंड आलं.

पण संध्याकाळी नोंदीच्या चर्चेच्या पानावर तक्रारी सुरू झाल्या. विंचूरच्या एकाने लिहिलं, 'हे काय फक्त नाशिकचं आहे का? आमच्याकडेही सांगतात.' वणीच्या एकीने लिहिलं, 'आमच्याकडे ओढणी चाकाजवळ गेली तरी सांगतात.' मग नागपूर आलं, लातूर आलं, सावंतवाडी आली. झुंबर यांनी विचारलं, 'ताई, आता तुम्हीच सांगा, कोणत्या गावाच्या नोंदीत ठेवू?'

संपदा ते सगळं वाचत गेली आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले. एका माणसाचे आभार मानायला निघालेली ती, आता कुणाकुणाचे मानणार?

'काढून टाका,' तिने लिहिलं.

"अगं, एवढं रामायण करून काढायला सांगतेस?" वेणीमाधवराव म्हणाले.

"सगळीकडेच सांगतात म्हणे, बाबा."

थोड्या वेळाने झुंबर यांचं उत्तर आलं. 'काढलं. वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी माझाही स्टँड राहिला होता, तुमच्याच नाशकात. एक बाई ओरडल्या म्हणून वाचलो. घाईत होतो, थँक्यू म्हणायचं राहिलं. तेवढं त्यांना सांगाल का?'

"सांगते," संपदा म्हणाली आणि कुणाला सांगायचं ते ठाऊक नसतानाही, खालच्या रस्त्याकडे ओरडायला तिने लगेच गॅलरीचं दार उघडलं.